मॉडेल एस प्लॅड

मॉडेल एस प्लॅड : टेस्ला या अमेरिकन कंपनीची अतिवेगवान विजेरी मोटार. कॅलिफोर्निया राज्यातील फ्रीमाँटच्या कारखान्यात तयार झालेल्या मॉडेल एस मोटारीचे हे सर्वांत शक्तिशाली रूप होय. चार दारे, पाच आसने व सामानाला ऐसपैस जागा असलेल्या घरगुती मोटारीला सुपरकारचा वेग देणे, हे तिचे वैशिष्ट्य.

इतिहास : जनरल मोटर्सने १९६० च्या दशकात उभारलेल्या या कारखान्यात १९८४ ते २०१० या काळात जनरल मोटर्स व टोयोटा यांचा संयुक्त प्रकल्प चालला. तो बंद पडल्यावर २०१० मध्ये टेस्लाने कारखाना विकत घेतला. पहिल्या मॉडेल एस मोटारी तेथून २२ जून २०१२ रोजी, तर पहिल्या प्लॅड १० जून २०२१ रोजी ग्राहकांच्या हाती पडल्या. ‘प्लॅड’ हे नाव ‘स्पेसबॉल्स’ (१९८७) या विनोदी चित्रपटातील अचाट वेगाच्या कल्पनेवरून घेतलेले आहे.

रचना : पुढे एक आणि मागे दोन अशा तीन मोटरी मिळून १,०२० अश्वशक्ती देतात. मिनिटाला हजारो फेरे घेणारा मोटरचा गाभा केंद्रोत्सारी प्रेरणेने फाकू पाहतो. म्हणून त्यावर कार्बन तंतूंचे ताणून गुंडाळलेले कवच असते. शून्यापासून ताशी ९६ किमी. वेग १.९९ सेकंदांत गाठता येतो, असे कंपनी सांगते. सुरुवातीच्या सुमारे ३० सेंमी. अंतराचा वेळ त्यात धरलेला नाही. वायुरोधाचा गुणांक ०.२०८ आहे.

जर्मन स्पर्धा : पोर्शे कंपनीने २०१५ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ‘मिशन ई’ ही ८०० व्होल्ट प्रणालीची संकल्पना-मोटार मांडली. तिच्यातूनच २०१९ मध्ये टायकान ही विक्रीयोग्य मोटार आकाराला आली. दोन्ही कंपन्यांची चुरस जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगच्या २०.८३२ किमी. लांबीच्या वळणदार मार्गावर रंगली. प्लॅडने तो २०२१ मध्ये ७ मिनिटे ३५.६ सेकंदांत आणि २०२३ मध्ये ७ मिनिटे २५.२ सेकंदांत पार केला. पुढे टायकान टर्बो जीटीने हा वेळ ७ मिनिटे ७.५५ सेकंदांवर आणला. मात्र विक्रम करणाऱ्या टायकानमध्ये वजन वाचवण्यासाठी मागची आसने ठेवलेली नव्हती. पाच माणसांना घेऊन रोज रस्त्यावर धावणारी मोटार अशा तुलनेत उतरवता आली, हेच फ्रीमाँटच्या या मोटारीचे मोठे यश होय.