सरळ गल्ली आणि गतिरोधक

मंडळी, धुळ्यातल्या गल्ल्या इतक्या सरळ का, इथून आपण सुरुवात करू. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. 1819 मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याला मुख्य ठाणं केलं, बऱ्हाणपूरकडचे व्यापारी-कारागीर बोलावले, नवी पेठ आखली. ती आखणी बैलगाडीच्या चालीची. त्याच सरळ गल्लीत मोटारसायकल शिरली की वेग आपोआप वाढतो, आणि दारात खेळणारं पोर धोक्यात येतं.

मग आपण स्पीडब्रेकर मागतो. पण त्यालाही माप आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 साली ते सांगितलं: 3.7 मीटर रुंद, 10 सेंटीमीटर उंच, ताशी 25 किलोमीटरने सुखरूप ओलांडता येईल असा. आपल्या दारात मात्र बहुधा हातभर रुंदीचा डांबराचा ढीग पडतो. त्याने वेग कमी होतो हे खरं, पण रिक्षातली बाळंतीणही हादरते.

जळगावात प्रश्न वेगळा. तिथे राष्ट्रीय महामार्गच वर्षानुवर्षं शहरातून गेला, आणि महामार्गावर गतिरोधक नियमात बसत नाही. तिथे जड वाहनांना बाह्यवळणच हवं. म्हणून मागणी करताना आपण आधी विचारू: हा रस्ता कुणासाठी आखला होता, आणि आज त्यावर कोण राहतं?