एपिंगच्या रानाचीं कुंपणें

सामायिक जमीन गिळणारा शेजारी नेहमीं दांडगाच असतो असें नाहीं. कित्येकदां तो मोठा सभ्य गृहस्थ असतो. लंडनच्या ईशान्येस, एसेक्स परगण्यांत, एपिंगच्या विस्तीर्ण रानाला लागून लाउटन नांवाचें गांव आहे. १८६४-६५ च्या सुमारास तेथील रानाला कुंपण घातलें तें गांवच्या धर्मोपदेशकानें. रेव्हरंड जॉन व्हिटेकर मेटलंड हे लाउटनचे पाद्री होते आणि वारसाहक्कानें तेथील जमीनदारही. ज्यांना ते रविवारीं शेजारधर्माचा उपदेश करीत, त्यांच्याच सरपणाचें सुमारें तेराशें एकर रान त्यांनीं सोमवारीं आपल्या कुंपणांत घेतलें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

मेटलंड एकटे नव्हते; रानाभोंवतालचे इतर जमीनदारही हेंच करीत होते. या रानाची मालकी मोठी चमत्कारिक होती. माती जमीनदारांची, शिकार राजाची, आणि चारा आसपासच्या शेतकऱ्यांच्या गुरांचा. राजाच्या हरणांना मोकळें फिरतां यावें म्हणून कुंपणास शतकानुशतकें मनाई होती. हरणांसाठीं केलेला हा जुलमी निर्बंध गरिबांच्या गुरांचेंही रक्षण करी. पुढें राजांना शिकारीची आवड उरली नाहीं, आणि सरकारी खात्यानें राजाचे हक्क जमीनदारांना विकून टाकण्यास आरंभ केला. निर्बंध गेला तशीं कुंपणें आलीं. शेजारच्या हेनॉल्टच्या रानाची काय गत झाली हें लोकांनीं पाहिलेंच होतें. १८५१ च्या कायद्यानें तें मोडलें गेलें आणि त्यांतील झाडें थोड्याच अवधींत भुईसपाट झालीं.

लाउटनकरांचा आणखी एक खास हक्क होता. ११ नोव्हेंबरपासून २३ एप्रिलपर्यंत त्यांना रानांतील झाडांच्या फांद्या सरपणासाठीं तोडतां येत. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीं पहिली फांदी तोडलीच पाहिजे, एक वर्ष चुकलें तर हक्क बुडाला, अशी गांवची समजूत होती. एके वर्षीं त्या रात्रीं लाकूडतोड्यांना मेजवानीस बोलावून मद्यांत गुंगवून ठेवण्याचा बेत झाला, परंतु थॉमस विलिंगेल नांवाचा म्हातारा वेळ होतांच उठून गेला आणि फांदी तोडून परत आला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, कुंपण पडल्यावर विलिंगेलच्या घरचीं माणसें कुऱ्हाडी घेऊन आंत शिरलीं, हें मात्र इतिहासांत नमूद आहे. १८६६ सालीं त्यांतील तिघांना दंड झाला, आणि तो न भरल्यामुळें त्यांना तुरुंगांत जावें लागलें.

या शिक्षेनें लंडनमध्यें खळबळ उडाली. सामायिक रानांच्या रक्षणासाठीं १८६५ मध्यें एक संस्था निघाली होती; जॉन स्टुअर्ट मिल तिच्या सभासदांपैकीं होता. तिनें विलिंगेलला दावा दाखल करण्यास पैसा दिला. दावा चालावयाचा तर वादीनें लाउटनमध्येंच राहिलें पाहिजे, आणि त्याला तेथें काम व निवारा मिळणें दुरापास्त झालेलें. त्याला दावा सोडण्यासाठीं मोठी रक्कम देऊं करण्यांत आली आणि त्यानें ती नाकारली, असें सांगतात. १८७० मध्यें तो वारला आणि दावाही त्याच्याबरोबर संपला. त्याच वर्षीं हेन्री फॉसेटनें पार्लमेंटांत हें रान राखण्याचा ठराव मंजूर करून घेतला. हिंदुस्थानच्या प्रश्नांवर झगडल्यामुळें ज्याला ‘हिंदुस्थानचा सभासद’ म्हणत, तोच हा अंध पुढारी.

परंतु ठरावानें कुंपण मोडत नाहीं. खरी अडचण कायद्याची होती. सुट्टीच्या दिवशीं लंडनहून हजारों कामकरी या रानांत येत, पण कायद्याच्या दृष्टीनें त्या हजारोंचा तेथें कांहींच हक्क नव्हता. ‘सर्वांची’ जमीन असें जिला सर्वजण म्हणत, तिच्यासाठीं कोर्टांत उभा राहूं शकेल असा त्या ‘सर्वां’मध्यें कोणीच नव्हता! हक्क होता तो गुरें चारणाऱ्यांचा. लंडनच्या नगरपालिकेनें प्रेतें पुरण्यासाठीं लिटल इलफर्ड येथें एक शेत घेतलें होतें, आणि त्या शेताला रानांत गुरें चारण्याचा हक्क जोडलेला होता. हें ध्यानांत येतांच स्मशानाच्या मालकानें गुरांच्या चराईसाठीं १८७१ मध्यें जमीनदारांवर दावा लावला.

जमीनदारांची बाजू लंगडी नव्हती. प्रत्येकाचें म्हणणें असें कीं, आपण आपल्या गांवच्या हक्कदारांना मोबदला देऊन त्यांची संमति घेतली आहे. इतरांचा संबंध काय? याला उत्तर सांपडलें तें जुन्या दप्तरांत. रॉबर्ट हंटर या तरुण वकिलानें रानाच्या प्राचीन न्यायसभांचे कागद चाळून दाखविलें कीं, प्रत्येक गांवाच्या गुरांवर त्या त्या गांवाचा डाग असे, आणि डाग दिलेलीं गुरें गांवची शीव न मानतां सबंध रानांत चरत. मग एका गांवची संमति पुरेशी कशी होणार? १८७४ मध्यें सर जॉर्ज जेसेल यांनीं हें मान्य केलें आणि दाव्यापूर्वीं वीस वर्षांत पडलेलीं कुंपणें बेकायदेशीर ठरविलीं. सुमारें तीन हजार एकर रान मोकळें झालें. घरें बांधून झालेली जमीन मात्र सुटली नाहीं. बळकावणाराची घाई अशी कधीं कधीं फळाला येते.

१८७८ च्या कायद्यानें रान लंडनच्या नगरपालिकेच्या स्वाधीन झालें आणि तें कायमचें मोकळें ठेवावें असें ठरलें. उरलेले तंटे मिटविण्यास लवाद म्हणून आले ते सर आर्थर हॉबहाउस. व्हाइसरॉयच्या मंडळांतील कायदेमंत्र्याचें काम संपवून ते नुकतेच हिंदुस्थानांतून परतले होते. १८८२ च्या मे महिन्यांत व्हिक्टोरिया राणीनें स्वतः येऊन हें रान जनतेला अर्पण केलें.

याच कायद्यानें लाउटनकरांचा फांद्या तोडण्याचा हक्कही संपविला. ज्या कुऱ्हाडीनें लढ्याला तोंड फोडलें ती खालीं ठेवावी लागली. मोबदल्याच्या पैशांतून १८८४ मध्यें गांवांत ‘लॉपिंग हॉल’ ही सार्वजनिक इमारत उभी राहिली. ती अद्याप आहे. रानही आहे, सुमारें सहा हजार एकर. छाटणी थांबल्यामुळें जुन्या झाडांचे माथे जड होऊन खालची जमीन सावलीनें झांकली गेली, म्हणून आतां नगरपालिकेचे नोकरच कित्येक झाडांच्या फांद्या पुन्हां तोडीत असतात.