भूमी, मोटार आणि चित्रपट : वांद्रे येथील ड्राइव्ह-इन चित्रगृहाचा इतिहास (१९७७ ते २००३)

प्रस्तावना

मुंबईतील चित्रगृहांचा इतिहास सामान्यतः तेथे गाजलेल्या चित्रपटांच्या आधारे लिहिला जातो. चित्रगृह ज्या जमिनीवर उभे असते, तिचा विचार त्यात अभावानेच आढळतो. वांद्रे पूर्व येथे १९७७ मध्ये सुरू झालेले आणि २००३ मध्ये बंद झालेले ड्राइव्ह-इन चित्रगृह या दृष्टीने अभ्यसनीय आहे. दूरचित्रवाणी व बहुपडदा चित्रगृहांमुळे ते लोपले, असा सर्वसाधारण समज आहे. त्याचा अस्त हा मुख्यतः जमिनीच्या बदललेल्या उपयोगाचा परिणाम होता, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले असून, तुलनेसाठी माहीमच्या खाडीअलीकडील प्रभादेवी, परळ, लालबाग या गिरणगावाचा विचार केला आहे.

जागतिक व भारतीय पार्श्वभूमी

मोटारीत बसून चित्रपट पाहण्याची सोय प्रथम अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात कॅम्डेननजीक ६ जून १९३३ रोजी रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी व्यावसायिक स्वरूपात सुरू केली. मागील मोटारीतील प्रेक्षकांनाही पडदा दिसावा, यासाठी उताराच्या रांगा रचणे हे त्यांच्या योजनेचे वैशिष्ट्य होते. पुढे प्रत्येक मोटारीसाठी स्वतंत्र ध्वनिक्षेपक आला आणि महायुद्धोत्तर काळात या प्रकाराचा झपाट्याने प्रसार झाला. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत अशी चार हजारांहून अधिक चित्रगृहे होती. ती बहुधा शहराच्या कडेला, स्वस्त जमिनीवर उभी राहिली. शहरे वाढली, जमिनीचे भाव चढले आणि त्यांपैकी अनेकांच्या जागी दुकाने व घरे आली.

भारतात अहमदाबाद येथे १९७३ मध्ये ड्राइव्ह-इन चित्रगृह सुरू झाले. मोटार नसलेल्या प्रेक्षकांसाठीही तेथे खुल्या जागेत बसण्याची सोय होती. मुंबईतील प्रयोग त्यानंतर चार वर्षांनी झाला.

दलदल आणि व्यापारी संकुल यांमधील काळ

१९७७ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी वांद्रे-कुर्ला परिसरासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नियुक्ती झाली. मिठी नदी, वाकोला नाला व माहीमची खाडी यांच्या काठची ही भूमी सखल व पाणथळ होती. दक्षिण मुंबईतील कार्यालयांची दाटी कमी करण्यासाठी येथे नवे व्यापारी केंद्र उभारावयाचे होते. मात्र ते प्रत्यक्षात येण्यास दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. ड्राइव्ह-इन चित्रगृहाचे आयुष्य नेमके याच मधल्या काळात सामावते.

या व्यवसायाचे अर्थकारण लक्षात घेतले पाहिजे. एका मोटारीला उभे राहण्यास व वळण्यास लागणाऱ्या जागेत बंदिस्त सभागृहात वीस-पंचवीस खुर्च्या सहज मांडता येतात. बंदिस्त चित्रगृह दिवसाकाठी तीन-चार खेळ करू शकते, तर खुल्या पडद्यास अंधाराची वाट पाहावी लागते. शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात व्यत्यय अटळ होता. जमिनीवर अन्य मागणी नसेल तोवरच असा व्यवसाय परवडतो. राष्ट्रीय शेअर बाजारासारख्या संस्था या परिसरात आल्यानंतर ती स्थिती उरली नाही.

व्हिडिओ, केबल व बहुपडदा चित्रगृहे यांचा परिणाम नाकारता येत नाही. तथापि, हीच संकटे एकपडदा चित्रगृहांवरही आली होती आणि तरीही दादरचे प्लाझा, लालबागचे भारतमाता यांसारखी चित्रगृहे २००३ नंतरही चालू राहिली. म्हणजेच केवळ प्रेक्षकांची घट हे कारण पुरेसे ठरत नाही.

गिरणगावाशी तुलना

गिरणगावातील चित्रगृहे चाळींपासून पायी अंतरावर होती. प्रभादेवीचे किस्मत असो वा गिरणीच्या जमिनीवरील भारतमाता, त्यांचा प्रेक्षक पायी येणारा होता. याउलट ड्राइव्ह-इनची रचना मोटारमालकास केंद्रस्थानी ठेवूनच झाली होती. १९८३ मध्ये मारुती ८०० येईपर्यंत नवी मोटार मिळण्यासही दीर्घ प्रतीक्षा करावी लागे. त्यामुळे हे चित्रगृह 'मुंबईकरांची आठवण' म्हणून गौरविले जाते, तेव्हा ते शहरातील कोणत्या वर्गाचे होते, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

जमिनीच्या बाबतीत मात्र दोहोंचे प्राक्तन समान दिसते. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर गिरण्यांची जमीन हाच त्यांचा मुख्य ठेवा मानला जाऊ लागला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नाव्या नियमाने तिचे तीन वाटे करून मोकळी जागा व सार्वजनिक गृहनिर्माण यांसाठी हिस्सा राखला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. गिरणीच्या जमिनीवर कामगार, नागरिक व पर्यावरणवादी यांनी हक्क तरी सांगितला. ड्राइव्ह-इनच्या मोकळ्या मैदानासाठी तसा व्यापक लढा झाला नाही.

समारोप

५ नोव्हेंबर २०२१ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात, जुन्या चित्रगृहाच्या परिसरातच, जिओ वर्ल्ड ड्राइव्ह या व्यापारी संकुलाच्या गच्चीवर २९० मोटारींचे नवे ड्राइव्ह-इन चित्रगृह सुरू झाले. हा केवळ जुन्या परंपरेचा पुनर्जन्म नाही. १९७७ मध्ये ज्या मोटारी जमिनीवर उभ्या राहत होत्या, त्यांना आता गच्चीवर चढावे लागते, कारण खालची जमीन चित्रपटासाठी मोकळी ठेवणे परवडणारे राहिलेले नाही. चित्रपट पाहण्याची मोटारवाल्यांची हौस टिकून आहे. संपली आहे ती स्वस्त, मोकळी भूमी. म्हणून चित्रगृहांच्या इतिहासलेखनात चित्रपटांच्या नोंदींबरोबरच नियोजन आराखडे व भूमी-अभिलेख यांनाही साधन म्हणून स्थान देणे अगत्याचे आहे. तसे झाले तरच वांद्र्याचे मैदान आणि प्रभादेवीची गिरणी ही एकाच शहराच्या इतिहासाची दोन प्रकरणे म्हणून वाचता येतील.