अर्क आणि आरोप : चरसचा इतिहास

'चरस' हा शब्द आपल्या समाजात दोन प्रकारे वापरला जातो. एक, नशेच्या एका पदार्थाचे नाव म्हणून आणि दुसरा, शिवी म्हणून. एखाद्याला 'चरसी' म्हटले की त्याच्याविषयी पुढे काही जाणून घेण्याची गरज कुणालाच वाटत नाही. वाईट याचे वाटते की ही शिवी कधी एका माणसाला, कधी एका मोहल्ल्याला, तर कधी संपूर्ण जमातीला चिकटवली जाते. म्हणून चरसचा इतिहास सांगायचा तर पदार्थाचा इतिहास आणि आरोपाचा इतिहास असे दोन्ही सांगावे लागतात. आम्ही येथे तोच प्रयत्न करीत आहोत.

प्रथम पदार्थ समजून घेऊ. झाड एकच असते. त्याच्या पानांपासून भांग होते. मादी झाडाच्या फुलोऱ्याला गांजा म्हणतात. या फुलोऱ्यावर अतिसूक्ष्म ग्रंथी असतात व त्यांतून चिकट राळ पाझरते. ही राळ वेगळी काढली की ती चरस. उसाच्या रसापासून काकवी आणि काकवीपासून गूळ व्हावा, तसे हे आटत जाणे आहे. पान, फूल, राळ अशा क्रमाने नशेचे बळ वाढत जाते. राळ एखाद्या द्रावकात विरघळवून तिचा अर्क काढला की हशीशचे तेल मिळते. आज अमेरिकेत व कॅनडात 'शॅटर', 'वॅक्स' अशा नावांनी जे पदार्थ विकले जातात, ते या वाटेवरचे पुढचे मुक्काम आहेत. म्हणजे 'कॉन्सन्ट्रेट' हा शब्द नवा असला तरी ती गोष्ट जुनी आहे. चरस हा त्या घराण्याचा मूळ पुरुष होय.

अरबीत या पदार्थाला 'हशीश' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ आहे सुके गवत. इतक्या निरुपद्रवी शब्दाभोवती पुढे किती रान माजले, ते पाहण्यासारखे आहे.

इजिप्तचा थोर इतिहासकार मकरीझी याने पंधराव्या शतकात एक कथा नोंदवून ठेवली आहे. खुरासानात शेख हैदर नावाचे एक सूफी डोंगरात एकांतवासात राहत. एके दिवशी कडक उन्हात, वारा नसतानाही एक झाड डुलत असलेले त्यांना दिसले. त्याची पाने खाल्ल्यावर त्यांचे मन प्रफुल्लित झाले. त्यांनी हे गुपित आपल्या शिष्यांना सांगितले आणि ते फक्त फकिरांपुरते ठेवण्याची ताकीद दिली. तेव्हापासून या झाडाला 'फकिरांची बुटी' असे नाव पडले. ही कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. परंतु मकरीझीनेच तिच्याशेजारी दुसरी साक्षही नोंदवली आहे, ती मात्र कुणी सांगत नाही. एका कलंदराने त्याला सांगितले की शेख हैदरनी आयुष्यात कधी हशीश खाल्ली नाही. त्यांचे अनुयायी ती खात, म्हणून लोकांनी ती शेखच्या नावावर घातली. अनुयायांचे कर्म पिराच्या माथी मारण्याचा हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही.

तेराव्या शतकात हशीश सीरिया-इजिप्तमध्ये चांगलीच पसरली आणि उलेमांपुढे प्रश्न उभा राहिला. कुरआनात हशीशचे नाव नाही, हदीसमध्येही नाही. पैगंबरांच्या काळातील अरबस्तानात तिची चर्चाच नव्हती. मग हुकूम काय द्यायचा? दमास्कसचे इमाम इब्ने तैमिया (1263-1328) यांनी अत्यंत कठोर भूमिका घेतली. जे नशा आणते ते दारूच्याच सदरात मोडते, तेव्हा हशीशला दारूचीच शिक्षा हवी, असे त्यांचे म्हणणे होते. तातारांच्या स्वारीबरोबर ही बला मुसलमानांत आली, असेही ते सांगत. याउलट मालिकी फकीह अल-कराफी (निधन 1285) यांनी बारीक भेद केला. हशीश दारूसारखी धुंदी आणत नाही, पण बुद्धी बिघडवते. म्हणून ती निषिद्ध असली तरी तिला दारूची ठरलेली 'हद' लागू होणार नाही, काझीने परिस्थिती पाहून शिक्षा द्यावी, असे मत त्यांनी दिले. कोकणातील आपले बांधव ज्या शाफई पंथाचे आहेत, त्याच पंथाचे कैरोचे विद्वान अल-जरकशी (निधन 1392) यांनी तर हशीशच्या निषेधावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली.

यातून दोन गोष्टी दिसतात. हशीशला मोकळीक द्यावी, असे यांपैकी कुणीही म्हटले नाही. पण ती का वाईट, किती वाईट, शिक्षा कोणती, यावर मात्र त्यांनी मोकळेपणाने वाद घातला. 'हराम आहे, विषय संपला' असे म्हणून ते थांबले नाहीत. ती शरीरात काय करते, मनात काय करते, याची चौकशी त्यांनी केली. आज आपण हुकूम पाठ करतो आणि चौकशी सोडून देतो.

केवळ शिक्षेने काय साधते, याचे उदाहरणही मकरीझीनेच दिले आहे. 1378 च्या सुमारास कैरोत सूदून शेखूनी नावाच्या अमिराने हशीशची झाडे उपटून नष्ट केली आणि ती खाणाऱ्यांच्या दाढा उपटवल्या. दाढा गेल्या, हशीश राहिली. पुढल्या शतकाच्या आरंभी लोक ती उघडपणे खाऊ लागल्याची तक्रार मकरीझी करतो.

आता आरोपाकडे वळू. 1090 साली हसन बिन सब्बाह याने इराणातील अलमूतचा किल्ला घेतला आणि निजारी इस्माईली पंथाची सत्ता तेथे उभी केली. बलाढ्य सेल्जुक सत्तेशी लढताना या पंथाच्या फिदाईंनी काही मोठ्या असामींच्या हत्या केल्या, हे खरे आहे. 1256 मध्ये हलाकूच्या मोगल फौजेने अलमूत पाडले. त्यानंतर काही वर्षांनी इराणातून गेलेल्या मार्को पोलोने ऐकीव गोष्ट सांगितली. डोंगरातील एक म्हातारा तरुणांना गुंगीचे पेय पाजतो, सुंदर बागेत जन्नत दाखवतो आणि मग त्यांच्याकडून खून करवतो, अशी ती गोष्ट होती. विशेष म्हणजे तिच्यात हशीशचे नावसुद्धा नाही. ते नाते पक्के केले फ्रेंच पंडित सिल्व्हेस्त्र द सासी यांनी. 1809 मध्ये पॅरिस येथे वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की युरोपीय भाषांतील 'असॅसिन' म्हणजे मारेकरी हा शब्द अरबीतील 'हशीशी' या शब्दावरून आला.

शब्दाची व्युत्पत्ती बरोबर होती, परंतु तिच्यावरून काढलेला निष्कर्ष टिकला नाही. बाराव्या शतकात या पंथाचे विरोधक त्यांना 'हशीशी' म्हणत, ते हलकट, उडाणटप्पू या अर्थाने, म्हणजे शिवी म्हणूनच. फिदाईंना हशीश देऊन पाठवत, असे त्यांच्या काळातील मुस्लिम इतिहासकार लिहीत नाहीत. हलाकूबरोबर अलमूतला गेलेला आणि तेथील ग्रंथालय चाळणारा जुवैनी हा इस्माईलींचा कट्टर शत्रू. दोष द्यायची एकही संधी तो सोडत नाही. पण हा आरोप त्यानेही केलेला नाही. उलट हसनने दारू प्यायल्यावरून पोटच्या मुलाला देहदंड दिला, असे वृत्त मिळते. फरहाद दफ्तरी यांनी 1994 साली या दंतकथांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्या कशा रचल्या गेल्या, हे तपशिलाने दाखवले.

तरीही ही कथा मेली नाही. ती जिवंत ठेवण्यात आपलाही हात आहे, हे आम्हा उर्दूवाल्यांनी कबूल केले पाहिजे. अब्दुल हलीम शरर यांची 'फिरदौस-ए-बरीं' (1899) ही गाजलेली उर्दू कादंबरी अलमूतच्या त्याच बनावट जन्नतीवर उभी आहे. कादंबरी म्हणून ती सुरेख आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनी तिला इतिहास समजून वाचले. त्या निजारी परंपरेचे वारस आपल्या शेजारीच आहेत. मुंबईतले आगाखानी खोजे ते हेच. पहिल्या आगाखानांची कबर माझगावच्या हसनाबादेत आहे. शाळा, दवाखाने आणि सहकारी पतसंस्थांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या बांधवांच्या पूर्वजांना 'चरसी मारेकरी' म्हणताना आपण क्षणभरही थांबत नाही. दुसऱ्यांनी आपल्याला तेच म्हटले की मात्र आपल्याला दुःख होते.

एकोणिसाव्या शतकात या अर्काला नवे वळण मिळाले. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी 1839 मध्ये या राळेच्या अर्कावरील आपले प्रयोग जाहीर केले. संधिवात, धनुर्वात, लहान मुलांच्या आकडी अशा रोगांत त्यांनी तो वापरून पाहिला. पण आधी त्यांनी आपल्या देशातील जाणत्यांना विचारले. हुगळीच्या इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली आणि तेहरानचे एक हकीम यांचे आभार त्यांनी निबंधात नावानिशी मानले आहेत. युनानी ग्रंथांतील माहिती अशा मार्गाने युरोपच्या औषधशास्त्रात गेली. हे औषध पुढे मागे पडले. त्याचे एक मोठे कारण म्हणजे अर्काचे बळ दर वेळी वेगळे निघे. आज दिलेला डोस उद्या अपुरा किंवा घातक ठरे. नशेचा नेमका घटक कोणता, हे कळायला 1964 साल उजाडावे लागले. इस्राएलमधील रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशूलाम व त्यांचे सहकारी गाओनी यांनी पोलिसांनी जप्त केलेल्या लेबनॉनी हशीशमधून टीएचसी हे द्रव्य वेगळे केले.

इकडे हिंदुस्थानात चरस हा सरकारी उत्पन्नाचा उजळ माथ्याचा माल होता. यारकंदहून काराकोरमच्या खिंडीतून लेहला आणि तेथून पंजाबातील होशियारपूर, अमृतसरच्या पेढ्यांवर तो येई आणि सरकार त्यावर कर घेई. 1930 च्या दशकात चीनच्या बाजूने ही वाट बंद झाली. गांजा तर आपल्याकडेच पिके. मुंबई इलाख्यात तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा त्यासाठी प्रसिद्ध होता.

गांजाने माणसे वेडी होतात, असा बोभाटा झाल्यावर 1893 साली सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्या सात सदस्यांत तीन हिंदी होते, पण मुसलमान एकही नव्हता. 1,193 साक्षी घेऊन आयोगाने 1894 मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. बेताने सेवन करणाऱ्यांना फारसा अपाय होत नाही, अतिसेवन मात्र घातक आहे. सरसकट बंदीपेक्षा कर व नियंत्रण बरे, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्या मते या अहवालातील सर्वांत मोलाचा भाग वेगळाच आहे. आयोगाने वेड्यांच्या इस्पितळातील नोंदी एकेक करून तपासल्या. तेव्हा कळले की रोग्याला आणणारा पोलीस 'कारण' या रकान्यात पुरावा नसताना 'गांजा' असे लिहून मोकळा होत असे. माणूस गरीब, फकिरासारखा दिसणारा, सोबत कुणी नातेवाईक नाही. मग दुसरे कारण शोधायचे कुणी? हे रकाने जसेच्या तसे अहवालांत चढत आणि त्यांची आकडेवारी होत असे. इब्ने सब्बाहच्या फिदाईंचे जे झाले, तेच या अनाम रोग्यांचे झाले.

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने चित्र बदलले. या कायद्यात भांगेचे पान गांजाच्या व्याख्येबाहेर आहे. चरसच्या व्याख्येत मात्र राळेबरोबर हशीशचे तेल आणि प्रत्येक संहत रूप येते. एक किलो चरस किंवा वीस किलो गांजा ही व्यापारी मात्रा धरली जाते आणि तिला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. कायद्यालाही पान, फूल आणि अर्क यांतला फरक कळतो. आपल्या मुलांना तो कळत नाही. वर्गात मुले विचारतात, "सर, भांग तर दुकानात मिळते, मग चरसने काय होते?" त्यांना रागावून गप्प बसवणे सोपे आहे, पण ते उत्तर नव्हे.

उत्तर असे आहे की आजचा अर्क हा मकरीझीच्या काळातली हशीश नाही. यंत्रांनी काढलेल्या नव्या अर्कांत टीएचसीचे प्रमाण साठ ते ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. 1894 च्या आयोगाने 'बेताने सेवन' म्हटले, तेव्हा असा पदार्थ त्याच्या स्वप्नातही नव्हता. म्हणून त्या निष्कर्षाचा आधार घेऊन आज कुणी 'यात काही धोका नाही' म्हणत असेल, तर तो इतिहासाचा गैरवापर आहे. 2019 मध्ये अमेरिकेत अशा तेलाच्या नळ्या ओढणाऱ्यांत फुफ्फुसांचा गंभीर आजार पसरला. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जणांची नोंद झाली आणि 68 जण दगावले. तेलात मिसळलेले जीवनसत्त्व-ई ॲसिटेट हे त्याचे प्रमुख कारण निघाले. कोवळ्या वयात नशेचे बळ जितके जास्त, तितका मनाचा आजार जडण्याचा धोका अधिक, असेही अभ्यासक सांगतात. बुद्धी बिघडवणारी चीज, हे अल-कराफींचे निदान सातशे वर्षांनंतरही खोटे ठरलेले नाही.

तेव्हा चरस घातक आहे हे खरे आणि 'चरसी' ही शिवी अन्यायाची आहे हेही खरे. ही दोन सत्ये एकाच वेळी मनात बाळगणे आपल्याला जमले पाहिजे. बदनामीच्या भीतीने घरातली गोष्ट लपवली की मुलगा हातचा जातो आणि शिक्का मारून त्याला बाहेर ढकलला तरी तो जातोच. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम 64 अ याच कायद्यात आहे. 14446 या क्रमांकावर शासनाची मोफत मदतवाहिनी आहे. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? जुम्याच्या खुतब्यात हराम-हलालबरोबर एवढी माहिती सांगितली गेली, तर कितीतरी आईबापांना वाट सापडेल. 'कारण' या रकान्यात काय लिहायचे, हे आजवर दुसऱ्यांनी ठरवले. निदान आपल्या मुलांच्या बाबतीत तरी लिहिण्याआधी चौकशी करण्याची सवय आपण लावून घेऊ.