पत्ता विचारून येणारा कारकून

या पानावर आपण शाळा, ग्रंथालयं, गणेशोत्सव यांच्या आठवणी वाचतो. आजचा इतिहास जरा वेगळा आहे, पण निमित्त बँकेचंच. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना सांगितलं की ३१ ऑक्टोबरपर्यंत आपापली संकेतस्थळं 'बँक डॉट इन' या नावाखाली आणा. ही नावं देण्याचं काम आपल्याच हैदराबादेत, मासाब टँकच्या आयडीआरबीटी संस्थेकडे आहे. आम्हा पेन्शनरांत लगेच प्रश्न निघाला, नाव बदलून असा काय फरक पडणार? मी बी.कॉम.वाला, आयुष्य लेजरात गेलेलं. पण भाचा प्रोग्रॅमर आहे, त्याच्याकडून समजून घेतलं आणि थोडं वाचलं. तेवढ्यावर लिहितोय.

संगणकाला नाव कळत नाही, आकडा कळतो. अमेरिकेत अर्पानेटच्या काळात नाव आणि आकडा यांची एकच यादी असे, होस्ट्स डॉट टीएक्सटी. ती कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांच्या विभागाकडे होती. नवीन संगणक आला की त्यांना कळवायचं, त्यांनी यादीत चढवायचं आणि बाकीच्यांनी ताजी यादी उतरवून घ्यायची. आमच्याकडे डिमांड ड्राफ्टवरच्या सह्या पडताळायला हेड ऑफिसकडून नमुना सह्यांचं पुस्तक यायचं, अगदी तसंच. आणि दुखणंही तेच. अधिकारी बदलून जायचा, पुस्तकातलं पान मागेच राहायचं, गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळायचं.

१९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यावर तोड काढली. सगळी यादी एकाकडे नकोच. वरच्याने खालच्याचा फक्त ठावठिकाणा सांगायचा आणि ज्याची नावं त्यानेच सांभाळायची. हीच डोमेन नेम सिस्टिम. १९८४ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी युनिक्सवर ती चालवण्यासाठी 'बाइंड' लिहिलं. त्याचे दोन भाग. एक उत्तर देणारा सर्व्हर, त्याचं नाव सगळे घेतात. दुसरा प्रश्न विचारणारा, 'रिझॉल्व्हर'. हा वेगळा प्रोग्रॅम नव्हे, कुठल्याही प्रोग्रॅमला जोडता येतील अशा छोट्या छोट्या रूटीन्सचा संच. एक रूटीन तयारी करतं, एक प्रश्नाचा कागद भरतं, एक तो पाठवून उत्तराची वाट बघतं, एक आलेल्या उत्तरातलं आखडून लिहिलेलं नाव उलगडतं. मला विचाराल तर खरी गंमत या दुसऱ्या भागातच आहे.

'गेट होस्ट बाय नेम' नावाचं रूटीन आधीपासून होतं. ते बिचारं यादीची फाइल उघडून बघायचं. नवीन पद्धत आल्यावर त्याच नावाच्या रूटीनच्या पोटात फाइलऐवजी सर्व्हरला विचारणं बसवलं. हाक तीच, उत्तराचा साचा तोच. ज्यांनी आपले प्रोग्रॅम लिहिले होते त्यांना ते नव्याने लिहावे लागले नाहीत, नव्या लायब्ररीशी पुन्हा जोडले की झालं. गिऱ्हाईक जुनाच फॉर्म भरतं आणि आत लेजर जाऊन संगणक आलेला असतो, तसं.

या कारकुनाची शिस्तही बघण्यासारखी. त्याला एका छोट्या फाइलीत सर्व्हरचे पत्ते दिलेले असतात, जास्तीत जास्त तीन. पहिल्याला विचारायचं, साधारण ५ सेकंद थांबायचं, उत्तर नाही तर पुढच्याकडे जायचं. परत येऊन नुसतं 'नाही' म्हणायची मुभा नाही. त्याच्याकडे 'नाही'चे चार प्रकार. एक, असं नावच नाही. दोन, आत्ता उत्तर मिळालं नाही, थोड्या वेळाने विचारा. तीन, असा बिघाड की पुन्हा विचारून उपयोग नाही. चार, नाव आहे, पण तुम्ही मागता ती माहिती त्याच्याकडे नाही. चेक परत करताना 'खातं नाही' आणि 'पुन्हा सादर करा' यात केवढं अंतर असतं हे ज्याने रिटर्न मेमो भरलेत त्याला सांगायला नको. पुष्कळ प्रोग्रॅम मात्र हे चारही एकाच खड्ड्यात टाकतात आणि माणसाला सरसकट 'साइट सापडली नाही' दाखवतात. मला हे पटत नाही.

आता काळजीची बाजू. हा कारकून भोळा. प्रश्नावर एक क्रमांक टाकायचा आणि तोच क्रमांक घेऊन जे उत्तर पहिलं येईल ते खरं मानायचं. क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यता. सुरुवातीला तर तो एकेकाने वाढत जायचा, म्हणजे ओळखणं सोपं. आम्ही तारेने पैसे पाठवायचो तेव्हा रक्कम-तारखेवरून गुप्त आकडा काढून तारेत घालायचो. तो जुळल्याशिवाय समोरची शाखा एक रुपया देत नसे. इथे तसं काही नव्हतं. स्टीव्ह बेलोव्हिन यांनी १९९० मध्येच हा कच्चा दुवा दाखवणारा निबंध लिहिला, पण गैरवापर होईल म्हणून तो १९९५ पर्यंत छापला नाही. २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की यांनी दाखवलं की मधल्या सर्व्हरच्या गळी खोटं उत्तर फार थोड्या वेळात उतरवता येतं. मग क्रमांकाबरोबर प्रश्न कुठल्या दारातून निघाला तेही दर वेळी बदलायला लागले. उत्तरावर खरी सही घालायची पद्धत मुळापासून, म्हणजे सगळ्यात वरच्या सर्व्हरपासून, लागू झाली ती २०१० मध्ये.

लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीत तर २०१६ मध्ये निराळंच निघालं. नव्या 'गेट अ‍ॅड्रेस इन्फो' रूटीनमध्ये उत्तरासाठी २०४८ बाइटांची जागा. त्याहून मोठं, मुद्दाम रचलेलं उत्तर आलं तर ते जागेबाहेर सांडून उत्तर देणाऱ्याला तुमच्या यंत्रावर ताबा मिळू शकत होता. दोष २००८ पासूनचा. कित्येक वर्षं कुणाच्या डोळ्यांवर आला नाही.

आता 'बँक डॉट इन'. रिझॉल्व्हरच्या वतीने शोध चालतो तो नावाच्या उजव्या टोकाकडून, आधी 'इन', मग 'बँक', मग तुमची बँक. 'बँक डॉट इन'खाली नाव मिळतं ते फक्त बँकांना. ठग मात्र बँकेचं नाव डावीकडे लिहितो आणि उजवीकडे आपलं भलतंच शेपूट लावतो. आपण डावीकडून वाचतो, तिथेच फसतो. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींना परवा पेन्शनच्या नावाने असाच मेसेज आला. डावीकडे बँकेचं नाव झकास. शेवट बघून त्यांनी तो मला दाखवला आणि आम्ही दोघांनी मिळून पुसून टाकला.