भिडेवाड्यातील शाळा आणि फातिमा

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडेवाड्यात 1848 साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, हे सर्वांना ठाऊक आहे. या शाळेच्या इतिहासात आपल्या समाजाचाही वाटा आहे. त्याची नोंद मात्र नीट घेतली गेलेली नाही.

हा संबंध शाळेच्याही आधीचा आहे. लहान जोतीरावांचे शिक्षण वडील गोविंदराव यांनी मध्येच थांबवले होते. तेव्हा शेजारी राहणारे उर्दू-फारसीचे शिक्षक मुन्शी गफ्फार बेग आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली. 1841 मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. एका मुन्शीने शेजारधर्म पाळला, म्हणून पुढे महाराष्ट्राला एक शिक्षक मिळाला.

शाळा निघाली तेव्हा सनातनी मंडळी खवळली. गोविंदरावांवर दडपण आले आणि 1849 मध्ये या दांपत्याला घर सोडावे लागले. त्या वेळी गंज पेठेतील उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असे चरित्रकार सांगतात. उस्मानभाईंची बहीण फातिमा. तिने सावित्रीबाईंच्या बरोबरीने शिकवण्याचे काम केले.

जानेवारी 2025 मध्ये एका पत्रकाराने दावा केला की फातिमा शेख ही व्यक्ती झालीच नाही, ती आपणच रचली. परंतु सावित्रीबाईंचे 10 ऑक्टोबर 1856 चे पत्र उपलब्ध आहे. आजारपणामुळे त्या माहेरी, नायगावी होत्या. तेथून जोतीरावांना लिहिताना, आपल्या मागे फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा उल्लेख त्या करतात. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय 1988 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात हे पत्र आहे. ज्याच्यावर कामाचा भार टाकून निर्धास्त राहता येते, त्याच्याविषयीच माणूस असे लिहितो.

आपणही सावध असले पाहिजे. 9 जानेवारी ही तिची जन्मतारीख म्हणून साजरी होते, पण तिला समकालीन कागदाचा आधार नाही. श्रद्धेपोटी जोडलेला असा तपशील उद्या खऱ्या पुराव्यालाही संशयात ढकलतो. फातिमेला दंतकथेची गरज नाही. त्या पत्रातील एक उल्लेख तिच्यासाठी पुरेसा बोलका आहे.

भिडेवाड्याची जीर्ण इमारत डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली. भिंती गेल्या, कागद राहिला. आपापल्या गावांतील उर्दू शाळांची जुनी जनरल रजिस्टरे, हजेरीपत्रके, इमारतीसाठी जागा देणाऱ्यांची नावे अजून कपाटांत पडून आहेत. वाळवी लागण्यापूर्वी ती उतरवून घेणे हे आपल्या शिक्षकांचे काम आहे. नाहीतर उद्या त्या शाळांच्या फातिमांबद्दलही कोणी विचारील, आणि आपल्याकडे दाखवायला एक पत्रही नसेल.