मोहोर, आंब्याचा (कोकण)

आंब्याच्या फांदीच्या टोकाला येणारा फुलोरा. कोकणात हापूसला तो साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, टप्प्याटप्प्याने येतो. फुलापासून तोडणीपर्यंत साडेतीन-चार महिने जात असल्याने उशिरा मोहोरलेल्या झाडाचे फळ पावसाच्या तोंडावर सापडते.

तापमान वाढले की झाडे लवकर फुलतात, हा ढोबळ नियम क्योटोच्या चेरीला चपखल बसतो (2021 चा पूर्ण बहर 26 मार्चला, बाराशे वर्षांच्या नोंदींत तोवरचा सर्वांत लवकरचा). आंब्याला तो लावता येत नाही.

थंडीचे कार्य : पावसाळ्यानंतरची पालवी जून झाली म्हणजे टोकाचा डोळा फुटायला तयार होतो. त्यातून मोहोर निघेल की पुन्हा पालवी, हे बऱ्याच अंशी थंडीवर ठरते. नियंत्रित प्रयोगांत दिवसा 15° व रात्री 10° से. तापमानात मोहोर, तर 30° व 25° से. तापमानात पालवी येते, असे दिसले आहे. संकेत पानांत तयार होतो. उष्ण प्रदेशात डोळा पुरेसा जून असल्यास कमी थंडीतही मोहोर येतो. कोकणची थंडी मुळातच बेताची, म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा. रात्री उबदार राहिल्यास मोहोर लांबतो किंवा एकाच झाडावर तुटक येतो.

पुनर्मोहोर : फळ कणी किंवा वाटाण्याएवढे असताना पुन्हा कडक थंडी पडली, तर त्याच फांदीवर नवा मोहोर फुटतो. अन्नरस तिकडे वळून आधीची फळे गळतात. थंडीतल्या मोहोरात नरफुले जास्त असल्याने नवी फळधारणाही तोकडीच. बागायतदाराला असा भरगच्च मोहोर नकोसा वाटतो, तो यामुळे. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने यावर जिबरेलिक आम्लाची फवारणी सुचवली आहे.

पॅक्लोब्युट्राझोल : बागायतदारांच्या बोलीत ‘कल्टार’. जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती मातीत देतात. झाडातील जिबरेलिनाची निर्मिती रोखली जाऊन पालवीचा जोर ओसरतो, मोहोर लवकर व दरवर्षी येतो. अशा बागांतील मोहोराच्या तारखा हवामानबदलाचा पुरावा म्हणून जपूनच वापराव्या लागतात. मोहोर पुढे-मागे होण्यात तापमानाचा नेमका वाटा किती, याबाबत एकमत नाही.

किडी व रोग : ढगाळ, दमट हवेत तुडतुडे व भुरी.

काजू : मोहोर साधारण याच हंगामात, ढगाळ हवेत ढेकण्या.